आकडा आला, कारखाना कुठाय?

सप्टेंबर २०२२ आठवतोय? वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प पुण्याजवळ तळेगावला होणार, अशी चर्चा होती. १३ सप्टेंबरला करार झाला तो गुजरात सरकारशी. आपल्यापैकी अर्ध्यांनी ‘महाराष्ट्राच्या तोंडचा घास पळवला’ असं स्टेटस ठेवलं, उरलेल्यांनी ‘आधीच्या सरकारनेच घालवला’ असं. गोंदियात बसून तळेगावसाठी आपण भांडलो. मग १० जुलै २०२३ ला तैवानची फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. त्यांचा तो कारखाना ना इथे झाला, ना तिथे. त्या दिवशी स्टेटस कुणी ठेवलं होतं? मी तरी नाही.

माझं म्हणणं एवढंच, की परदेशी गुंतवणुकीबद्दल आपलं स्वतःचं मत फारसं नसतंच. मत असतं ते पक्षाबद्दल. आणि ते रोज गरमागरम पुरवण्याचं काम चॅनेलवाले, पोर्टलवाले आणि हो, आम्ही पेपरवालेही करतो.

जानेवारी २०२५ मध्ये दावोसला राज्य सरकारने सुमारे १५.७० लाख कोटींचे सामंजस्य करार केले. सामंजस्य करार म्हणजे ‘आपण हे करू या’ असं लिहिलेला कागद. जमीन, परवानग्या, कर्ज हे सगळं पुढचं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पसंती झाली, साक्षगंध अजून बाकी आहे. पण हेडिंगमध्ये थेट वरात निघते! त्यातल्या सर्वांत मोठ्या करारांत रिलायन्स आणि जेएसडब्ल्यूचे करार होते, प्रत्येकी ३ लाख कोटींच्या घरातले. दोन्ही कंपन्या मुंबईच्या. काही करारांमागे परदेशी भागीदार असतीलही, पण ‘परदेशी गुंतवणुकीचा पाऊस’ म्हणण्याआधी यादी वाचायला नको?

इंटर्नशिपच्या सुरुवातीला मीही प्रेस नोटमधला सगळ्यात मोठा आकडा उचलून हेडिंगला लावायचो. कुणाची बाजू घे म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठा आकडा पानावर चांगला दिसतो, एवढंच. पक्षपात असाही होतो, आळसातून.

दुसऱ्या बाजूचीही तीच तऱ्हा. ‘सगळं गुजरातला चाललं’ असं दाखवणारे हे सांगत नाहीत, की २०२४-२५ मध्ये थेट परदेशी गुंतवणुकीत देशात महाराष्ट्रच पहिला होता, सुमारे १९.६ अब्ज डॉलर. आणि हा आकडा मिरवणारे हे सांगत नाहीत, की तो अख्ख्या राज्याचा आहे. मुंबईतल्या कंपनीत आलेला पैसाही त्यातच मोजला जातो. गोंदियाच्या वाट्याला काय आलं, ते त्यात दिसत नाही.

आपल्या तिरोड्याचंच बघा. अदानींचा ३,३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प तिथे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जीक्यूजी पार्टनर्सने आणि इतर काही गुंतवणूकदारांनी अदानी पॉवरचे सुमारे ८ टक्के शेअर अंदाजे ९ हजार कोटींना घेतले. म्हणजे तिरोड्याच्या मालकीत परदेशी पैसा आला की! पण ते शेअर प्रवर्तकांनी विकले होते, पैसा त्यांच्याकडे गेला. त्या व्यवहारासाठी तिरोड्यात एक वीटही रचावी लागली नाही. यात गैर काही नाही. फक्त शेअर हातोहात बदलणं वेगळं आणि कारखाना उभा राहणं वेगळं. बातमीत मात्र दोन्हींना ‘गुंतवणूक’च म्हणतात.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण आपण या हेडिंगांवर आयुष्याचे निर्णय घेतो. कुणी ‘सेमीकंडक्टर येतंय’ म्हणून इलेक्ट्रॉनिक्सला ॲडमिशन घेतं. कुणी ‘इथे काही होणार नाही’ म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून पुणं गाठतं. कुणाच्या घरचे ‘प्रकल्प येतोय’ ऐकून धानाचं शेत विकायला काढतात. हेडिंग चुकलं तर अँकरचं काही जात नाही, माझंही नाही. जातं ते तुमचं.

म्हणून पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी बघा. नुसता करार झालाय, की जमीन ताब्यात आलीय? पैसा नवं काही उभारायला येतोय, की जुने शेअर घ्यायला? जिल्हा कुठला, आणि नोकऱ्या कायमच्या की ठेक्यावरच्या? ज्यांची जमीन जाणार, त्यांच्याशी बातमीदार बोललाय का?

उत्तरं सापडली नाहीत तर आमच्याकडे मागा. पेपरला पत्र लिहा, मेल टाका. वर्षभराने पुन्हा विचारा, त्या आकड्याचं काय झालं म्हणून. आमची पंचाईत होईल. होऊ द्या.