राख विकायची त्यांनी, जमीन द्यायची आपण?



गेल्या महिन्यात कंपनीच्या गेटवर नवा बोर्ड लागला. त्यावर लिहिलंय, ‘राख हा कचरा नाही, संपत्ती आहे’. त्याच आठवड्यात मोजणीवाले आले आणि आपल्या पाड्याच्या खाचरांत खुंट्या ठोकून गेले. कशासाठी? तर राखेच्या दुसऱ्या तलावासाठी! राख जर संपत्ती आहे, तर ती टाकायला आपली भातजमीन कशाला पाहिजे?

राखेची किंमत आदिवासीला कुणी शिकवायला नको. आपण राब भाजतो, त्यावर रोप करतो. चुलीच्या राखेने भांडी घासतो. राखेच्या वापराला संघटनेचा विरोध नाही. वापराच्या नावाखाली जी लबाडी चाललीय तिला विरोध आहे.

लबाडी कशी ते समजून घ्या. आपल्या देशातल्या कोळशात राख फार. १०० टन कोळसा जाळला की ३० ते ४५ टन राख उरते. त्यातली बहुतेक पिठासारखी बारीक. ती धुरातून यंत्राने पकडतात. ही राख सुकी उचलली तर सिमेंटवाले घेतात. पण सुकी साठवायला मोठ्या बंद कोठ्या लागतात, त्यांना पैसे पडतात. म्हणून कंपनी हाताला येईल तेवढी सुकी विकते आणि बाकीच्या राखेत पाणी घालून पाइपाने तलावात सोडते. भिजलेल्या राखेला सिमेंटवाला हात लावत नाही. मग साहेब म्हणतात, “मालाला उठाव नाही, जागा द्या.” उठाव नाही, की उठावाची सोयच केली नाही? कोठीपेक्षा आदिवासीची जमीन स्वस्त पडते, हे खरं कारण.

पहिल्या तलावात ज्यांची शेतं गेली त्यांना विचारा. हातात आलेले पैसे दोन पावसाळ्यांत संपले. आता तीच माणसं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. उन्हाळ्यात वारा सुटला की राख उडून भाकरीवर बसते, विहिरीच्या पाण्यावर तिचा थर येतो. हे बोर्डावर कुठेच लिहिलेलं नाही.

आता कायदा बघा. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने १४ सप्टेंबर १९९९ ला अधिसूचना काढली. तिने तेव्हा सांगितलं होतं, राख जमिनीवर टाकणं टप्प्याटप्प्याने बंद करा. मंजुरीतच तशी अट असलेल्या केंद्रांनी ९ वर्षांत, बाकीच्यांनी १५ वर्षांत. विटा, सिमेंट असा माल करणाऱ्यांना निदान १० वर्षं राख फुकट द्या. आणि ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्टीने मातीत वजनाने निदान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे, असं त्या अधिसूचनेत होतं. भट्टीला तलावातली राखही चालते. आम्ही भट्टीवर चिखल तुडवलाय, त्यात राख कुठे दिसत नाही. एकीकडे भट्टीसाठी शेताची वरची कसदार माती खणली जाते, दुसरीकडे शेतावर राख ओतली जाते. दोन्हीकडून जमीनच मरते.

१९९९ च्या अधिसूचनेनेच राख जमिनीवर टाकणं बंद करायला सांगितलं होतं आणि कंपनी नवा तलाव खणायला निघालीय. याला काय म्हणायचं?

आपल्या मागण्या :

१. किती कोळसा जाळला, किती राख निघाली, किती सुकी दिली, किती तलावात टाकली, याचा दर महिन्याचा हिशोब गावात लावा.

२. आधी कोठ्या बांधा. नवा तलाव नको.

३. पहिल्या तलावातली राख भट्ट्यांना आणि रस्त्यांना द्या. नेताना ट्रकवर ताडपत्री टाका. तलाव रिकामा करून जमीन मूळ मालकांच्या नावावर करा.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. साहेब म्हणतील, पंचायतीला विचारलं, झालं. सरपंचाची एक सही म्हणजे गाव नव्हे. ग्रामसभा बोलवायला लावा. बायामाणसांसकट सगळे या आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. तोवर कोऱ्या कागदावर कुणीही अंगठा देऊ नका.

राख उचला, जमीन सोडा!