गावाचे नाव बदलले. नोंदींत कसे बदलायचे?

सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय १८ जुलै २०२५ रोजी विधानसभेत जाहीर झाला. फलक एका दिवसात रंगवता येतो. वेबसाइट, अर्जांचे नमुने आणि डेटा फाइल्समधील नाव मात्र प्रोग्रामने बदलावे लागते. खरा घोळ तिथेच होऊ शकतो.

संगणक काय पाहतो?

एडिटरमध्ये फाइल उघडली की तिचा मजकूर मेमरीत येतो. त्याला बफर म्हणतात. 'या स्थानापासून त्या स्थानापर्यंतचा मजकूर काढून हा घाल', असा आदेश प्रोग्राम देतो. तेवढ्या भागाला रेंज म्हणतात.

डोळ्यांना दोन्ही नावांत पाचच अक्षरे दिसतात. युनिकोड मात्र काना, उकार, हलन्त वेगळे मोजतो. त्यामुळे 'इस्लामपूर' ९ चिन्हांचे, तर 'ईश्वरपूर' ८ चिन्हांचे ठरते.

बिघडते कुठे?

पहिले नाव बदलताच पुढचा मजकूर एक घर मागे सरकतो. फाइलच्या सुरुवातीपासून आधीच मोजून ठेवलेली दुसरी रेंज चुकते आणि 'इईश्वरपूर' असे काहीतरी उमटते. उपाय सोपा आहे: बदल शेवटाकडून सुरुवातीकडे करावेत. किंवा सगळे बदल एकत्र द्यावेत. व्हीएस कोडसारखे एडिटर ते मूळ मजकुरावरच मोजतात.

'सगळे बदला' का नको?

'इस्लामपूर' शोधल्यास 'इस्लामपुरात' सापडत नाही, कारण सामान्यरूपात 'पू' ऱ्हस्व होतो. उलट बिहार आणि पश्चिम बंगालमधील इस्लामपूरही सरसकट बदलले जाते.

जुन्या दाखल्यांचे काय?

जन्मदाखल्यावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुनेच नाव छापलेले आहे. संगणकातील जुनी नोंदही पुसली, तर कागद आणि पडदा जुळणार नाहीत आणि हेलपाटे मात्र नागरिकाला पडतील.

म्हणून आधी मूळ फाइलची प्रत ठेवावी. बदलायच्या ठिकाणांची यादी माणसाने तपासावी. जुन्या नोंदीत जुने नाव कायम ठेवून शेजारी नवे नाव लिहावे. नाव बदलण्याचा निर्णय सरकारचा असतो. त्यापायी कोणाची ओळख अडकणार नाही, हे पाहणे नोंदी सांभाळणाऱ्यांचे काम आहे.