दांडा कोणाचा, दुरुस्ती कोणाची?

ज्या दांड्याने घरच्या संगणकावर विमान चालविता येते, त्या जॉयस्टिकवर या पानावर लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. वस्तू चैनीची आहे हे मला मान्य आहे. परंतु कोणत्याही वस्तूचा मालक कोण, ती विकत घेणारा की विकून मोकळा झालेला, हा प्रश्न चैनीच्या वस्तूपाशी थांबत नाही. तो शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरपर्यंत जातो. लहान वस्तूत तो अधिक स्वच्छ दिसतो, इतकेच.

माझ्या नातवाला विमानांचे वेड आहे. पुण्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बसून तो लोहगावच्या धावपट्टीवर विमान उतरवीत असतो. दोन वर्षे वापरल्यावर त्याच्या जॉयस्टिकमध्ये दोष आला. दांड्याला हात न लावताही विमानाचे नाक आपोआप डावीकडे वळू लागले. कंपनीच्या सेवाकेंद्राने उत्तर दिले की मुदत संपली आहे, सुटा भाग विकला जात नाही, नव्या खरेदीवर मात्र सवलत मिळेल. म्हणजे दोष कोणता हे पाहण्यापूर्वीच निकाल लागलेला होता!

आमच्या गल्लीत पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांनी चार स्क्रू काढले आणि दोष दाखविला. दांडा पिळला की आतील एक छोटा पोटेन्शिओमीटर फिरतो. कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ घासत जाते, तिच्या जागेनुसार विजेचा दाब बदलतो आणि त्यावरून संगणक दांड्याची स्थिती ओळखतो. घासून घासून पट्टी झिजते, तीत धूळ बसते आणि आकडा थरथरू लागतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढविताना जी खरखर होई, तिचेच हे भावंड. १९८१ सालच्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी जो जॉयस्टिकचा जोड निघाला, त्यातही असाच पोटेन्शिओमीटर वाचला जाई. चाळीसहून अधिक वर्षांत या भागात गूढ असे काही शिरलेले नाही.

बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत तो भाग चहा-वड्याच्या पैशांत मिळाला. पहिल्या खेपेस आमची चूक झाली. भागावर ‘ए’ हे अक्षर होते. त्याचा रोध समप्रमाणात न वाढता आवाजाच्या नियंत्रणाला सोयीच्या वक्र रीतीने वाढतो, त्यामुळे दांडा मध्यावर असतानाही विमान वळलेलेच राहिले. दुसऱ्या खेपेस ‘बी’ अक्षराचा, दहा हजार ओहमचा भाग आणला. तीन तारा सोल्डर केल्या आणि काम झाले. जुन्या भागावरील अक्षर पुसट झाले होते. कंपनीने पुस्तिकेत एक ओळ छापली असती, तर हा हेलपाटा वाचला असता.

भाग बदलला तरी काम अर्धेच होते. संगणकाला दांड्याची दोन टोके आणि मध्य नव्याने शिकवावा लागतो. मध्याभोवतीच्या ज्या पट्ट्यात हालचालीची दखलच घेतली जात नाही, त्याला ‘डेड झोन’ म्हणतात. नातवाने पूर्वीच हा पट्टा रुंद करून थरथर झाकली होती. थरथर दिसेनाशी झाली, पण उतरताना आडवा वारा आला की लागणारी बारीक दुरुस्तीही विमानापर्यंत पोचेना. दोष झाकणे आणि दोष दूर करणे यांतील फरक त्या दिवशी पोराला कळला. आता पट्टा अगदी अरुंद ठेवला आहे आणि मध्याजवळचा प्रतिसाद वक्ररेषेने थोडा सौम्य केला आहे.

कंपन्यांचे आक्षेप दोन असतात. अडाण्याच्या हातची दुरुस्ती धोक्याची, हा पहिला. भिंतीतील विजेवर चालणाऱ्या यंत्रांबाबत त्यात तथ्य आहे. यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालणाऱ्या दांड्याबाबत तो निव्वळ बहाणा आहे. दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू स्वस्त पडते, हा दुसरा. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो, स्वस्त कोणाला? टाकलेला दांडा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत कोणीतरी उघड्या हातांनी फोडतो, जाळतो. त्याच्या फुप्फुसांचा खर्च विक्रीच्या किमतीत धरलेला नसतो.

कंपनीने स्वस्त भाग वापरू नये, असेही माझे म्हणणे नाही. चुंबकाने चालणारा, न घासणारा हॉल संवेदक अधिक टिकतो, पण महाग पडतो. झिजणारा भाग घालून वस्तू स्वस्त विकावी. मात्र मग तो भाग, त्याचे माप आणि तारांची आकृती ग्राहकाला मिळालीच पाहिजे. झिजणारा भाग घालायचा आणि बदलू द्यायचा नाही, ही किंमत कमी करणे नव्हे, ती पुढच्या खेपेस वसूल करणे होय.

वाटा निघत आहेत. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी माहितीचे संकेतस्थळही उघडले. तिने शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे निवडली. पण संकेतस्थळ म्हणजे सोय, कायद्याचे बंधन नव्हे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्यानेच दिला. युरोपीय संघाने २०२४ साली काही घरगुती वस्तूंसाठी तसा निर्देश संमत केला. फ्लाइटगिअर हा मुक्त उड्डाण-कार्यक्रम तर स्वयंसेवकांनी उभा केला आहे. त्यातील जॉयस्टिकची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलीत असते आणि ती कोणालाही उघडून बदलता येते.

कायदा होईल तेव्हा होईल, तोवर हातपाय बांधून बसण्याचे कारण नाही. २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये शेजाऱ्यांनी एकत्र बसून वस्तू दुरुस्त करण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो अनेक देशांत पसरला. आपल्या शाखांच्या खोल्या रविवारी रिकाम्याच असतात. तेथे एक टेबल, एक सोल्डरिंगची इस्त्री आणि आमच्या गल्लीतल्यासारखा एक जाणता कारागीर बसवावा. शेजारी आयटीआयची दोन मुले बसवावीत आणि कारागिराला त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा. त्याच्या बोटांतील विद्या त्याच्याबरोबर गेली, तर उद्या कायदा मिळूनही तो वापरणारे हात आपल्यापाशी उरणार नाहीत.