दोराआधी शिरस्त्राण

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या खाणीमुळे सर्वपरिचित आहे. डोक्यावर शिरस्त्राण आणि पायांत संरक्षक बूट असल्यावाचून कामगाराने खाणीत उतरू नये, हा दंडक १९६१ च्या धातुखाण विनियमांनी घालून दिला आहे. परंतु त्याच कामगाराचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा सुटीच्या दिवशी साध्या चपला घालून खडक चढावयास निघाला, तर त्यास हटकणारे कोणी नसते. पोट भरण्यासाठी पत्करलेल्या धोक्याला नियम आहेत. हौसेने पत्करलेल्या धोक्याला मात्र केवळ नशिबाचा आधार, अशी ही विसंगती आहे.

हौस मुळात वाईट नव्हे. याच तालुक्यात अंबागडासारखा गोंड राजवटीतील किल्ला उभा आहे आणि भोवती डोंगरही आहेत. तरुणांनी तेथे जावे, हे इष्टच होय. प्रश्न उत्साहाचा नाही, क्रमाचा आहे. नवखा गडी बहुधा सर्वप्रथम दोर विकत घेतो; कारण चित्रांत दोर उठून दिसतो. दोर वापरण्याचे शिक्षण नसेल, तर तो संरक्षण देण्याऐवजी खोटा धीर देतो, आणि खोटा धीर माणसास जेथे जाऊ नये तेथे घेऊन जातो.

खरेदीचा आरंभ पायांपासून व्हावा. हातापायांच्या आधाराने सोपे खडक चढणाऱ्यास महागड्या आरोहण-बुटांची आवश्यकता नसते. पायांत घट्ट बसणारे, खडकावर न घसरणाऱ्या रबरी तळव्याचे बूट पुरेसे होतात. त्यानंतर शिरस्त्राण. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. खाणीतील टोपी वरून पडणाऱ्या वस्तूंपासून रक्षण करते. परंतु अशा औद्योगिक टोप्यांचा हनुवटीचा पट्टा सामान्यतः ताण पडताच सुटावा, असा केलेला असतो. आरोहणाचे शिरस्त्राण घसरून पडतानाही डोक्यावरच राहिले पाहिजे. म्हणून वडिलांची टोपी मुलाच्या कामाची नाही.

कमरेचा पट्टा, पेचाच्या कड्या आणि दोर यांची पाळी प्रशिक्षणानंतरच यावी. विहिरीचा नाडा किंवा बाजारातील साधा नायलॉनचा दोर वजन पेलतो. पण पडणाऱ्या माणसाचा हिसका तो शोषून घेत नाही. आरोहणाचा दोर ताणला जातो, यातच त्याचे मर्म आहे. ८० किलोच्या वजनाने केलेल्या प्रमाणित चाचणीत पहिल्या पतनाचा हिसका १२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे बाराशे किलो भाराइतका, याहून अधिक होता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय अट आहे. पूर्वेतिहास ठाऊक नसलेला जुना दोर, पट्टा किंवा शिरस्त्राण स्वस्तात मिळाले, तरी ते नाकारण्यातच शहाणपण आहे. कारण आतली इजा डोळ्यांना दिसत नाही.

हा खर्च एकेका विद्यार्थ्यास झेपणारा नाही, हे उघड आहे. मुंबई-पुण्याच्या तरुणांना सह्याद्रीत शिकविणाऱ्या संस्था दीर्घकाळ लाभल्या. पूर्व विदर्भातील मुलांनी केवळ मोबाइलच्या पडद्यावर पाहून शिकावे, हे न्याय्य नव्हे. तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी एकत्र येऊन सामायिक साहित्य घ्यावे, प्रत्येक दोराच्या वापराची नोंदवही ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी जाणकार प्रशिक्षकास पाचारण करावे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आखले; त्याचा लाभ केवळ सहली काढणाऱ्या व्यावसायिकांपुरता राहू नये.

आणखी एक मर्यादा शिक्षकांनी निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. खाणीचे उघडे खड्डे व त्यांच्या उभ्या भिंती सरावाच्या जागा नव्हेत. सुरुंगांनी खिळखिळा झालेला तो दगड केव्हा निखळेल, याचा नेम नसतो. कोणतेही शिरस्त्राण तेथे पुरे पडणार नाही.

खाणकामगाराने शिस्त अंगी बाणविली, ती तो भित्रा होता म्हणून नव्हे, तर पाळी संपल्यावर त्याला घरी परतायचे होते म्हणून. डोंगरावर जाणाऱ्या त्याच्या मुलालाही घरीच परतायचे आहे.