निदानाचे पैसे द्यायला शिका



कांदा काढणीला आला की आमच्या दिघी-चऱ्होली-आळंदी पट्ट्यातल्या जुन्या जीप परत कामाला लागतात. कुणाकडे महिंद्राची एमएम ५४०, कुणाकडे मेजर, कुणाकडे लष्कराच्या लिलावातून आलेली. वावरातून गोण्या भरून चाकण मार्केटला न्यायला अजून हीच गाडी. आणि याच दिवसांत एक वाक्य सारखं कानावर पडतं, "गाडी ओढत नाही, इंजिन कामाला आलंय."

हे ठरवलं कोणी आणि कशावरून? बऱ्याचदा तपासणी झालेलीच नसते. पण यात एकट्या मिस्त्रीला दोष देऊन चालणार नाही. आपण पार्टचे पैसे देतो, खोलण्या-बसवण्याची मजुरी देतो. पण जो माणूस तासभर गाडीखाली झोपून सांगतो की "इंजिन चांगलंय, क्रॉस तेवढा बदला", त्याला आपण फक्त चहा पाजतो. मग त्याने पोट कशावर भरायचं? इंजिन खोलण्यावरच.

शेतात तरी वेगळं काय करतो? पान पिवळं दिसलं की दुकानात जातो, बाटली घेऊन येतो. सल्ला फुकट, बाटलीचे पैसे. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, आणि मुळाशी पाणी साचलं असेल तर दोन्ही बाटल्या वाया. जीपचंही तसंच आहे. लक्षण एक, कारणं चार.

"ओढत नाही" याचंच घ्या. चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. तिथे बोअर करून काही उपयोग नाही. आवाजही बसतो आणि वेगही बसतो, तर आधी चारही चाकांचे ड्रम बघा. थोडं अंतर चालवून आल्यावर एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक धरतोय. हात लावू नका, जवळ नेला तरी धग कळते. ब्रेक मोकळे असतील तर मग डिझेल आणि हवा. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे दिसले तर लाईन हवा घेतेय. त्यानंतर पाच लिटरचा कॅन पंपापेक्षा उंच बांधून त्यातून थेट डिझेल द्या. गाडी सुधारली तर दोष टाकी, नळी, फिल्टर किंवा फीड पंपात आहे. इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, नोजल आणि पंपाचं टायमिंग बघायचं. सकाळी थोडा वेळ पांढरा येऊन थांबला तर हीटर प्लग तपासा. गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण तिथेही फरक आहे. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबताना निळा लोट आला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा सील, लोडवर कायम येत राहिला तर रिंगा. रिंगांचा संशय आला तरी कॉम्प्रेशन टेस्ट झाल्याशिवाय "हो" म्हणू नका.

आवाजाचंही असंच. पुढे-मागे गिअर टाकताना "खट्" वाजलं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हलवून बघा. आधी चाकांना दगड लावा, कारण अनेक जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. शाफ्ट सोडला की तो ब्रेक चाकं धरत नाही. क्लच दाबल्यावर आवाज येतो तर रिलीज बेरिंग, दाबल्यावर जातो तर गिअरबॉक्सची बेरिंग. गिअरबॉक्समधलं ऑइल कमी आणि ट्रान्सफर केसमध्ये जास्त झालं असेल तर मधलं सील गेलंय. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून चालवली तर दांडा अडकणारच, तो बिघाड नाही. पुढच्या-मागच्या टायरांची उंची वेगळी असली तरी तेच होतं.

आता दिघीचं एक सांगतो. इथे लष्करातून निवृत्त झालेले ड्रायव्हर गल्लोगल्ली आहेत. गाडी सुरू करण्याआधीची तपासणी, ज्याला ते 'फर्स्ट परेड' म्हणतात, ती त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. ऑइल, पाणी, पट्टा, टायर आणि खाली पडलेला थेंब. आपल्या गावात ही विद्या बसून आहे आणि आपण तिला विचारतही नाही. शेजारी चाकणला महिंद्राचा कारखाना, भोसरीत लेथवाले, पण जुन्या जीपला स्कॅनर लावायला सॉकेटच नाही. तिचं दुखणं कान, नाक आणि हात असलेल्या माणसालाच कळतं. तो माणूस टिकवायचा असेल तर त्याला मोल द्या.

माझं म्हणणं एवढंच. गॅरेजला जाताना सांगा, "तपासणीचे पाचशे रुपये वेगळे देतो. काय तपासलं, काय निघालं ते कागदावर लिहून द्या. पार्टचं नंतर बोलू." बिघाड काहीही निघो, पाचशे द्यायचेच. मिस्त्रीने "इंजिन ठीक आहे" असं म्हटलं, म्हणून त्याचा तोटा होता कामा नये. शेतीसल्ला देणाऱ्यांसाठीही मी हेच म्हणेन. माती-पाणी बघून "फवारणीची गरज नाही" असं सांगणाऱ्याची फी आपण आनंदाने द्यायला हवी.

हंगामात जीप आठ दिवस खोलून पडली तर कांद्याचा भाव आपल्यासाठी थांबत नाही. यंदा काढणीच्या आधीच एकदा गाडी तपासून घ्या.