शस्त्रपूजन आणि शस्त्रशुचिता

उन्हाळ्यात उजनी जलाशयाचे पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर पुन्हा उघडे पडते. भीमेवरील धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. ग्रामस्थांनी नवे गाव वसवले. मंदिराच्या परिसरातील वीरगळ मात्र आपल्या पूर्वजांची शस्त्राविषयीची धारणा आजही सांगतात. वीरगळ कोरला जात असे तो गाव, गोधन आणि धर्म राखताना देह ठेवणाऱ्याचा. केवळ हाती शस्त्र होते म्हणून कोणाचा दगड उभा राहिला नाही.

आज ही धारणा उलटी होताना दिसते. ऊस, जमिनीचे वाढलेले भाव आणि महामार्गालगतचे व्यवहार यांतून हाती पैसा आला आणि त्याबरोबर काही घरांत परवान्याचे रिव्हॉल्वरही आले. ज्याच्या जीविताला खरा धोका आहे त्याने रीतसर परवाना घेऊन शस्त्र बाळगणे यात गैर काहीच नाही. परंतु वरातीत कमरेचा मूठभाग दिसेल असा सदरा खोचणे, बांधाच्या भांडणात ते काढून दाखवणे किंवा त्याच्यासह छायाचित्र काढून मिरवणे हे पौरुषाचे नव्हे, उथळपणाचे लक्षण आहे. आणि जो मिरवतो, तो सहसा निगा राखत नाही.

निष्काळजीपणाची किंमत काय असते, हे १ ऑक्टोबर २०२४ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अभिनेते व माजी खासदार गोविंदा पहाटे प्रवासाला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्वर ठेवत असताना ते हातातून निसटून पडले, गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. शस्त्रक्रियेने गोळी निघाली आणि सुदैवाने प्राण वाचले. समोर शत्रू नव्हता की झटापट नव्हती. शस्त्र कपाटात ठेवण्याच्या अगदी साध्या कृतीत हे घडले. ती गोळी घरातील लहान मुलाच्या दिशेने गेली असती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक परवानाधारकाने करावा.

असे का घडते, हे समजून घेतले पाहिजे. जुन्या धाटणीच्या अनेक रिव्हॉल्वरांत घोडा थेट काडतुसाच्या टोपीसमोर असतो. शस्त्र घोड्यावर आपटले तर चाप न ओढताही बार होऊ शकतो. म्हणूनच घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुनी शिस्त होती. नव्या शस्त्रांत हा धोका टाळणारी अंतर्गत योजना असते. पण झिजलेल्या वा नादुरुस्त शस्त्रात तिचा भरवसा धरता येत नाही. बहुतेक रिव्हॉल्वरांना बाहेरून लावायचा सेफ्टी खटका नसतो, आणि असला तरी तो माणसाच्या सावधपणाची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे मूलभूत नियम थोडके आणि अपवादरहित आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. नळीचे तोंड कधीही माणसाकडे करू नये. नेम धरण्यापूर्वी बोट चापावर नेऊ नये. लक्ष्याच्या मागे काय आहे हे पाहिल्याविना बार काढू नये. कोणाच्या हाती शस्त्र द्यायचे तर आधी चक्र उघडून सर्व घरे रिकामी असल्याचे डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे आणि उघड्या स्थितीतच ते द्यावे. चाप ओढूनही बार झाला नाही तर लगेच चक्र उघडू नये. नळी निर्धोक दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण काडतूस उशिराने पेटू शकते.

देखभालीचेही तसेच. उजनीच्या काठची दमट हवा पोलादाची वैरीण आहे. अनेकजण रिव्हॉल्वर चामड्याच्या म्यानात घालून वर्षभर कपाटात ठेवतात. चामडे ओल धरून ठेवते आणि त्यातील क्षार धातूला खातात. ठेवताना म्यान वेगळे असावे. शस्त्र रिकामे करून नळी व चक्राची घरे ब्रशने साफ करावीत, कोरड्या फडक्याने पुसून यंत्रतेलाचा पातळ थर द्यावा. तेलाचा अतिरेकही नको; ते काडतुसाच्या टोपीत झिरपले तर ऐनवेळी काडतूस दगा देते. हिरवट डाग पडलेली, चेपलेली वा फार जुनी काडतुसे वापरू नयेत. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करावी. शस्त्र एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या मालकाच्याच ताब्यात असाव्यात. उशीखालची वा देवघराच्या खणातली जागा ही सुरक्षित जागा नव्हे.

ही शिस्त परकी आहे असे कोणी म्हणू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी सविस्तर आज्ञा आहेत. तो वस्तीपासून दूर असावा, दारूला ओल लागू नये, ठरावीक दिवसांनी हवालदाराने माल बाहेर काढून ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावा, पहारा अखंड असावा आणि परवानगीविना कोणी जवळ जाऊ नये, असे तीनशे वर्षांपूर्वी स्वराज्याच्या अमात्याने लिहून ठेवले. साठवण, तपासणी, कुलूप आणि उत्तरदायित्व ही चारही सूत्रे त्यात आहेत. शिवछत्रपतींचा वारसा सांगणाऱ्याने तलवारीच्या चित्राबरोबर हा हवालदारही आठवावा.

कायदाही हेच सांगतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजण्यास मनाई आहे आणि ते झाकूनच न्यावे लागते. अर्जदाराकडून सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्रही घेतले जाते. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवात बेपर्वाईने बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र वारसांनी वडिलांची आठवण म्हणून घरात ठेवायचे नसते. ते विलंब न लावता पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. कित्येक सज्जन कुटुंबे केवळ अज्ञानामुळे येथे अडचणीत येतात.

काहीजण म्हणतील, १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हा समाज निःशस्त्र केला, आता पुन्हा शस्त्राची भीती का घालता? इंग्रजांच्या कायद्याविषयीचा रोष न्याय्यच आहे. पण त्या कायद्याने शस्त्राबरोबर शस्त्राची शिस्तही हिरावली, हे विसरता येत नाही. सामर्थ्य हे बाळगण्यात नसून अभ्यासात असते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. या यशामागे वर्षानुवर्षांची साधना आहे. नेमबाजीच्या मैदानावर आज्ञेविना कोणी काडतूस भरत नाही. ज्याने वर्षात एकदाही सराव केला नाही, त्याच्या कमरेचे शस्त्र संकटात त्याला तारण्याऐवजी घातच करण्याची शक्यता अधिक.

खंडेनवमीला आणि विजयादशमीला घरोघरी शस्त्रपूजन होते. भरलेले रिव्हॉल्वर पाटावर मांडणे, त्यावर ओले कुंकू, हळद व अक्षता वाहून ते तसेच ठेवून देणे ही पूजा नव्हे. त्यातून गंज आणि अपघात दोन्ही ओढवतात. पूजेआधी शस्त्र रिकामे करावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, पूजेनंतर ते पुसून तेल द्यावे आणि त्याच दिवशी परवान्याची मुदतही पाहावी. तालुक्यातालुक्यांत कार्यकर्त्यांनी पोलीस अधिकारी व जाणकार माजी सैनिक यांच्या साहाय्याने परवानाधारकांसाठी एक प्रबोधनवर्ग त्या निमित्ताने घ्यावा. आणि ज्यांना आता धोका उरलेला नाही त्यांनी शस्त्र जमा करून परवाना परत करण्याचे धैर्य दाखवावे. शस्त्र खाली ठेवण्याचा विवेक ज्याच्यापाशी आहे, त्यालाच ते उचलण्याचा अधिकार शोभतो.