पावतीवरची फॅट आणि उलटणारी गाय

राज्यातील सहकारी आणि खासगी दूध संघांच्या अध्यक्षांस,


संकरित गायी गाभण राहत नाहीत, ही ओरड तुमच्या सभांमध्ये नवी नाही. मग रेतमात्रा बदलतात, वंध्यत्व शिबिरं भरतात, नाहीतर रेतन करणाऱ्या पोरावर खापर फुटतं. मी गावोगाव गायी तपासणारा पशुवैद्यक. रेतन करूनही तिसऱ्यांदा उलटलेल्या, म्हणजे पुन्हा माजावर आलेल्या गायीचं दुखणं बरेचदा ती व्यायल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू झालेलं असतं, आणि तेव्हा तिच्याकडे कुणी फिरकत नाही.

व्यायल्यावर सहा-आठ आठवड्यांत दूध शिखराला जातं. भूक पुरती उघडायला मात्र दहा-बारा आठवडे लागतात. मधली तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरते. ही चरबी रक्तातून यकृतात येते, तिथे सगळी जळत नाही, आणि रक्तात किटोन वाढतात. साखर आणि इन्सुलिन उतरतं, बीजकोशाला चालना देणारं एलएच संप्रेरक मंदावतं. बीज वाढतं, पण वेळेवर सुटत नाही. माज येतच नाही, किंवा मुका येतो. बीएचबी हे किटोन रक्तात लिटरला १.२ मिलिमोलच्या वर गेलं, तर गाय रवंथ करत उभी असली तरी ती आजारी धरावी.

अशा गायीचा गोठा ओळखू येतो. गव्हाणीत गोळी पेंड तशीच पडलेली, कडबा मात्र खाल्लेला. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे. आणि मालकाच्या हातात संकलन केंद्राची पावती, फॅट ४.९! घरात सगळे खूश, कारण दर फॅटवर. ही फॅट गायीच्या पाठीवरून उतरलेली आहे, हे त्याला कोण सांगणार? त्याच दुधात प्रथिनं घसरलेली असतात. फॅट प्रथिनांच्या दीडपटीला पोचली की संशय घ्यावा. प्रथिनं मोजणारं यंत्र तुमच्यापैकी अनेकांच्या प्रयोगशाळेत आहे. अडचण एवढीच, की केंद्रावर येतं ते घरातल्या सगळ्या गायींचं एकत्र दूध. ताज्या व्यायलेल्या गायीचा नमुना वेगळा मागवावा लागेल.

गाय खराब झाली म्हणून शेतकरी सरकी पेंड वाढवतो. मक्याचा भरडा न वाढवता नुसती पेंड वाढली, तर रक्तातला युरिया चढतो. दुधातला युरिया नायट्रोजन डेसीलिटरला १९-२० मिलिग्रॅमच्या पुढे गेला, की गर्भ राहण्याचं प्रमाण घटतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात त्यात उसाच्या वाढ्यांची भर. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. गाय बसली तर डॉक्टर येऊन कॅल्शियमची बाटली लावतो, ती उठते, गावात नाव होतं. पण रक्तातलं कॅल्शियम डेसीलिटरला ८.५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊनही न बसलेली गाय कुणाच्या लक्षात येत नाही. तिची वार अडकते, पिशवी आवळत नाही, पू धरतो. दोन महिन्यांनी त्याच पिशवीत आपण रेतन करतो आणि वळूला नावं ठेवतो.

माझी मागणी खर्चाची नाही. व्यायल्यापासून पाचव्या ते पंधराव्या दिवसात तुमच्या माणसाने गोठ्यात जावं, रक्ताचा एक थेंब किटोनच्या पट्टीवर घ्यावा. पट्टी परवडत नसेल तर लघवीची रोथेरा चाचणी आहेच. रंग जांभळा झाला की समजावं. किटोन वाढलेल्या गायीला डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन ते पाच दिवस प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजता येतं. तुमच्या पशुखाद्य कारखान्यांनी व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांसाठी वेगळं खाद्य काढावं. आणि भाकड गायीला चारून चारून लठ्ठ करू नका, हेही सांगावं. पाचाच्या मापात अंग तीन ते साडेतीन असताना गाय व्यावी. त्याहून जाड गाय व्यायल्यावर कमी खाते.

पुढच्या वार्षिक अहवालात झालेल्या रेतनांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना छापा : व्यायल्यावर पंधरा दिवसांच्या आत तपासलेल्या गायी. पहिल्या वर्षी तो आकडा लाजिरवाणा निघेल. तरी छापा.

आपला,
एक पशुवैद्यक